नवमी कशाची?

गेल्या वर्षी, 2025 च्या आषाढात, 4 जुलैच्या रात्री साडेदहाला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. आमच्याकडे झोपायची वेळ, तिच्याकडे संध्याकाळचे सात, आणि खिडकीत आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं स्वच्छ ऊन. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, खिडकी सताड उघडी होती. तिनं ताटच कॅमेऱ्यासमोर धरलं. खेकडा भजी, कांद्याचं थालीपीठ, वाटीत भरले कांदे. "आई, कांदेनवमी! तू काय केलंस?" मी मुगाची खिचडी केली होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जूनचं पान उलटायचंही राहून गेलं होतं. "विसरले गं," म्हणाले. ती हसली, पण क्षणभर थांबून हसली. मग सांगू लागली. ऑफिसातले दोघे जण जेवायला आले होते. भजी खाता खाता त्यांनी विचारलं, हा कसला सण? हिनं सांगितलं, की परवा आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास, चार महिने कांदा बंद, म्हणून आज पोटभर खायचा. त्यातला एक म्हणाला, "म्हणजे आता चार महिने तू कांदा खाणार नाहीस?" ही म्हणाली, "छे, मी खाणार. आमच्या आज्या-पणज्या सोडायच्या." तो साधेपणानं म्हणाला, "मग आज कशाचा सण?"

"आणि खरंच गं आई," लेक म्हणाली, "सोडायचंच नसेल तर नवमी कशाची?"

मी काहीतरी उत्तर दिलं. परंपरा, आठवण, असंच काहीबाही. फोन ठेवला, दिवा मालवला आणि छताकडे बघत पडून राहिले. विसरले याचं वाईट वाटलंच होतं. पण जे टोचत होतं ते वेगळंच. गेली तीस वर्षं मी कांदेनवमी साजरी करत होते, आणि त्यातल्या एकाही वर्षी कांदा सोडला नव्हता. दशमीला उपमा, द्वादशीला पावभाजी. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला नाही.

माझं माहेर येवल्याजवळचं. घरामागे कांद्याची चाळ. चैत्र-वैशाखात उन्हाळ कांदा काढून, पात कापून, सावलीत सुकवून चाळीत भरायचा आणि भाव बघून लासलगावला न्यायचा, हे आमच्या घराचं वर्ष. चाळीच्या बांबूंच्या फटींतून वारा खेळता असला पाहिजे, खालून हवा लागली पाहिजे, नाहीतर कांदा धुमसतो. आषाढ लागला की अण्णांची झोप हलकी व्हायची. हवेत ओल आली की चाळीचा वास बदलतो. कोरड्या पत्तीचा तो खमंग, धुळकट वास जाऊन एक आंबूस, गोडसर वास येऊ लागतो, आणि त्या वासावरून अण्णा रात्री कंदील घेऊन उठायचे. मग सकाळी निवड. बायका गोल करून बसायच्या, मधे कांद्याचा ढीग. काजळी धरलेला बाजूला, कोंब फुटलेला बाजूला, जोड कांदा घरात, गोल्टी वेगळी, सडका उकिरड्यावर. नवमीच्या दिवशी घरात एवढा कांदा कुठून यायचा, तर या निवडीतून. जो टिकणार नाही तो खाऊन टाकायचा. शास्त्र काय सांगतं ते शास्त्रवाले सांगोत, मला मात्र चातुर्मासातला कांदात्याग त्या चाळीच्या वासाशी जोडलेलाच आठवतो. पावसाळ्यात कांदा राखायचा असतो, पुढचं पीक येईपर्यंत पुरवायचा असतो. लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात दिसू लागतो, तोवर चाळीतलाच.

त्या दिवशी आजी पदर खोचून बसायची. आजोबा घरी नसत. ते निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर गेलेले, पंढरपूर एक-दोन मुक्कामांवर आलेलं. आजीचा दंडक होता, नवमी म्हणून नऊ पदार्थ. कांदेपोहे, भजी, थालीपीठ, झुणका, कांदेभात, भरले कांदे, दह्यातली कोशिंबीर, लाल चटणी, आणि नववा भाजलेला कांदा, चुलीच्या राखेत पुरलेला. भरल्या कांद्यांना गोल्टी लागायची, मुठीत तीन मावतील एवढी. सोलून, देठाकडून चार चिरा द्यायच्या, पण बुडाशी धरून ठेवायचं. आत दाण्याचा कूट, तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंच आणि गूळ. भज्यांचं मात्र तिचं एक ठाम मत होतं. कांदा विळीवर उभा, कागदासारखा चिरायचा, मीठ लावायचं आणि बाजूला ठेवून द्यायचा. "वरून पाणी घालायचं नाही. त्याचं त्याला सुटू दे." तेवढ्या वेळात ती ओवा तळहातावर चोळायची. मग कांदा ओला, मऊ, हाताला चिकट झाला की मुठीमुठीनं पीठ. "मागेल तेवढंच." तेलात पडल्यावर त्या पिठाचे पाय फुटायचे, खेकड्यासारखे, आणि कडा काळपट-तांबूस व्हायच्या. आम्ही पोरं चुलीभोवती. एक घाणा निघाला की परातीत पडायच्या आत संपायचा.

पण मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते रात्रीचं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आजी चुलीपुढे एकटी बसायची. गार झालेली बाजरीची भाकरी, चिमूटभर मीठ, आणि एक कांदा. विळी नाही, सुरी नाही. कांदा पाटावर ठेवून बुक्कीनं फोडायचा. पाकळ्या सुट्या व्हायच्या, मधला कोंभ ती आधी खायची. खाताना बोलायची नाही. डोळ्यांतून पाणी यायचं ते पुसायची नाही. शेवटची पाकळी खाऊन झाली की, "बास. आता चंपाषष्ठीला." मग विळी राखेनं घासायची, हात राखेनं धुवायची, आणि कांद्याची टोपली स्वयंपाकघरातून उचलून ओसरीवर नेऊन ठेवायची. चाळीत शंभर-सव्वाशे क्विंटल कांदा, आणि ही बाई साडेचार महिने एक पाकळी तोंडात घालणार नव्हती.

घरातल्या इतरांवर तिची सक्ती नव्हती. गड्यांच्या कालवणाला कांदा लागायचाच, तो तीच चिरायची, तीच परतायची, फक्त स्वतःचं वेगळं काढायची. एकदा श्रावणात मी भाकरी-कांदा घेऊन तिच्यापासून लांब, उंबऱ्यात जाऊन बसले. सात-आठ वर्षांची असेन. मला वाटलं, माझ्या कांद्यानं हिचं व्रत बाटेल. तिनं हाक मारली. "अगं, जवळ बस की. वासानं काही मोडत नाही."

माझ्या आईनं मात्र चातुर्मास कधीच पाळला नाही. कांदेनवमी उत्साहानं करायची, नऊचे अकरा पदार्थ करायची, आणि दशमीला सकाळी कांदा चिरायची. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं होतं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "बाईनं वर्षभर कमी सोडलेलं असतं का? आणखी कांदाही सोडू?" तेव्हा मला हे उत्तर इतकं पटलं होतं, की पुढे कधी विचार करायची गरजच वाटली नाही. आजही ते मला खोटं वाटत नाही. आजीची पिढी सोडत आली, त्यात स्वतःच्या इच्छेनं किती आणि रीत म्हणून किती, हे तिला कुणी विचारलंच नाही. उपास बायकांचे, पारण्याचा स्वयंपाकही बायकांचाच. आईनं सोडणं तेवढं टाकून खाणं ठेवलं, तो तिचा हक्क होता.

आणि तरीही लेकीचा प्रश्न जागचा हलेना.

मग त्या दिवसांत मी आपल्या वर्षाकडे नव्यानं बघू लागले. आपल्याकडे खाण्याचे दिवस थोडे का आहेत? पण नीट पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकामागे एक 'नाही' उभं आहे. नागपंचमीला विळी धरायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. म्हणून पुरणाचे दिंड, उकडलेले. तवा चालला असता तर पुरणाची पोळीच झाली असती, दिंड कुणाला सुचलं असतं? शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, ती दमली आहे, तिला एक दिवस विसावा. म्हणून आदल्या रात्रीचं गार जेवण, आणि चुलीची पूजा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या रानातला दाणा नाही, म्हणून परसातलं अळू, भेंडी, पडवळ, मका, सुरण, अशी मोट बांधलेली ती भाजी, जिच्यात तिखट-मसाला जवळपास नसतो आणि तरी वर्षभर जिची आठवण येते. दीप अमावास्येला आमच्याकडे कणीक-गुळाचे दिवे उकडून तुपाबरोबर खायचे, आणि त्याच दिवशी गावातल्या मटणाच्या दुकानापुढे रांग, कारण उद्या श्रावण. भोगीला मात्र उलटं, त्या दिवशी नाही म्हणायचं नाही. घेवडा, वांगं, गाजर, सोलाणे, बोरं, जे थंडीनं दिलं ते सगळं एका पातेल्यात, आणि तीळ थापलेली बाजरीची भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी. या दिवसांना कुणी विचित्र म्हणालं तर मला राग येत नाही. चुलीला सुट्टी देणारा सण विचित्र आहेच, आणि फार सुंदर आहे.

लेकीशी या सगळ्यावर फोनवर बोलणं होऊ लागलं, तेव्हा तिनं तिकडचं सांगितलं. फेब्रुवारीच्या आसपास तिच्या ऑफिसात सेम्ला येतो. वेलदोडा घातलेला गोल पाव, वरची टोपी कापून आत बदामाचा लगदा, त्यावर फेटलेल्या सायीचा डोंगर, आणि टोपी पुन्हा जागेवर. खरं तर तो एका मंगळवारचा पदार्थ. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपास, म्हणून आदल्या दिवशी घरातलं लोणी, साय, अंडी संपवायची. इंग्लंडात त्याच मंगळवारी पॅनकेक होतात. आमच्या सोसायटीत मडगावच्या एक बाई आहेत, त्यांना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "आमचें इंत्रूज!" गोव्याचा कार्निव्हल त्याच मंगळवारी संपतो. मी चकितच झाले. कांदेनवमी आणि गटारी या दोन्ही दिवसांची सख्खी भावंडं तिकडे इतक्या लांब नांदत होती. आणि स्वीडनमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, उपास हळूहळू मागे पडला, सेम्ला मात्र राहिला. आता तो मंगळवारची वाटही बघत नाही, नाताळ सरला की दुकानांत दिसू लागतो. तिथले राजे अडॉल्फ फ्रेडरिक 1771 मध्ये एका भरगच्च जेवणानंतर वारले, त्या जेवणाच्या शेवटी गरम दुधातला सेम्ला होता, ही गोष्ट तिथलं प्रत्येक पोर सांगतं म्हणे. "म्हणजे आई," लेक म्हणाली, "माझ्या घरी बसून 'मग कशाचा सण' म्हणून विचारणाऱ्यालाही त्याच्या सेम्ल्याबद्दल हेच विचारता आलं असतं." विचारलंस का, म्हटलं. "विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझी आजी उपास करायची."

तिच्या तोंडून आणखी एक दिवस ऐकला आणि तो माझ्या मनात घर करून बसला. 25 मार्चला तिकडे वॉफलचा दिवस असतो. मुळात तो मेरीला देवदूतानं शुभवर्तमान सांगितलं तो दिवस, 'व्होरफ्रूदागेन', आमच्या मातेचा दिवस. बोलण्यात ते घासून घासून 'व्हॉफेलदागेन' झालं, आणि नावच वॉफलचं झालं म्हणून लोक वॉफल खाऊ लागले. एका उच्चारातून एक पदार्थ सणाला चिकटला. आपल्या बायकांच्या तोंडी घडलेल्या किती रीती अशाच जिभेच्या घसरणीतून आल्या असतील, कोण जाणे.

आता तर रोजच कसला ना कसला दिवस असतो. 30 मार्चला इडलीचा, तो चेन्नईच्या इडलीवाल्या एनियावन यांच्यामुळे 2015 पासून. 21 मे चहाचा. 23 ऑगस्ट वडापावचा. सकाळी फोन उघडला की कुठल्यातरी पदार्थाचा फोटो आणि शुभेच्छा. माझ्या वयाच्या बऱ्याच जणी यावर वैतागतात. दुकानदारांचे चोचले, म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. जूनच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेत डोनटचा दिवस असतो. तो 1938 साली शिकागोत साल्व्हेशन आर्मीनं सुरू केला, आणि कुणाच्या स्मरणार्थ, तर पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सैनिकांना आघाडीच्या मागे उभं राहून डोनट तळून देणाऱ्या बायकांच्या. चिखलात, पावसात, पीठ-साखर-चरबी एवढंच हाताशी असताना, घराची चव म्हणून तळलेली ती कडी. हे कळल्यावर त्या दिवसाकडे मी वरवरचा म्हणून कशी बघू? आणि वडापाव तरी काय? 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला बसून जेवायला ना वेळ ना पैसा. ताट नाही, पाट नाही, म्हणून पाव. तिथेही एक 'नाही' आहेच. फक्त तो दिवस साजरा करताना आपण वड्याचा फोटो टाकतो, पाळीचा भोंगा विसरतो.

हे सगळं पुढच्या काही महिन्यांत उलगडत गेलं. त्याआधी मी एक केलं होतं, ते इथे सांगायला हवं.

आषाढीला साबुदाण्याची खिचडी झाली. द्वादशीला सकाळी फोडणीसाठी टोपलीतून कांदा उचलला, सालाचा पहिला पापुद्रा काढला, आणि परत ठेवला. काही ठरवलं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. मनात आईचं वाक्यही होतं, आणखी कांदाही सोडू? पण मला कुणी सोडायला लावत नव्हतं. घरात सासू नाही, रीत नाही, बघणारं कुणी नाही. आजीला जे कळत होतं ते मला खाऊन तर कळलं नव्हतंच, सोडून कळतंय का बघावं, एवढंच. कांदा, लसूण, वांगं, तिन्ही.

पहिला आठवडा जेवण पांगळं वाटलं. माझा सगळा स्वयंपाक कांदा परतण्यापासून सुरू होतो हे मला तेव्हा कळलं. तेल तापलं की हात आपोआप टोपलीकडे जायचा. आमटी पातळ, भाजी उघडी पडल्यासारखी, उसळीला अंगच नाही. मग आजीचा हात आठवू लागला. तिची चातुर्मासातली आमटी, चिंच-गूळ-गोडा मसाल्याची, हिंग जरा सढळ, वर ओलं खोबरं. तिचा दुधीभोपळा, तिळाच्या कुटातला. आल्याचा ठेचा. दोडक्याला स्वतःचा एक गोडवा असतो, कोवळ्या गवतासारखा, तो मला या वयात पहिल्यांदा कळला. चाळीस वर्षं मी दोडका खात होते, पण प्रत्येक वेळी कांद्याच्या रश्श्यात. घेवड्याच्या शेंगेचा कडवट शेवट, मुगाचा मातकट वास, पडवळाचा थंडावा, सगळे जणू कोपऱ्यातून पुढे आले. कांदा सगळ्यांना आधार देतो खरा, पण त्याच्या मागे किती जण झाकलेले होते.

अवघड दिवसही आले. श्रावणात एका संध्याकाळी धो धो पाऊस, छत्री उलटली म्हणून कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीच्या आडोशाला उभी राहिले. कढईत घाणा पडत होता. तो वास नाकात गेला आणि पोटात खड्डा पडला, खरोखरचा खड्डा. गाडीवाला ओळखीचा. "ताई, प्लेट लावू?" म्हणाला. मी नको म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले, पाऊस थांबेपर्यंत, त्या वासात. वासानं काही मोडत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मला कळलं, की आजी मला समजावत नव्हती. ती आपल्याला काय काय मिळतंय ते सांगत होती. वास तर तिचाच होता, तो तिनं कधी सोडलाच नव्हता.

भाद्रपदात एका वाढदिवसाला भेळ खाल्ली, अर्धी संपल्यावर दाताखाली कांदा आला. थांबले. खूप वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. कांदा बाजूला काढला, पाणी प्यायले, दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू.

4 ऑक्टोबरला लेकीनं फोटो पाठवला. तिकडे त्या दिवशी दालचिनीच्या वेटोळ्या पावाचा दिवस, 1999 पासूनचा, घरी भाजण्याची सवय टिकावी म्हणून काढलेला. तिनं दुकानातून न आणता घरी केले होते, आणि पिठात वेलदोडा कुटून घातला होता, तिकडच्या रीतीनं. "घरभर वेलची वास मारतेय," असं खाली लिहिलेलं. दोनच दिवसांनी इकडे कोजागरी. मी दूध आटवत होते, वेलची-जायफळ-केशर घालून, गच्चीवर चंद्र ढगातून आत-बाहेर करत होता. पातेल्यातून वाफ आली आणि मला तिचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तेव्हा फोनवर तिला सांगून टाकलं, की मी द्वादशीपासून कांदा खाल्लेला नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "किती दिवस राहिले?"

त्यानंतर ती दर रविवारी विचारायची. कार्तिकी एकादशी गेली, चातुर्मास संपला, पण आमच्याकडे कांदा-वांगं सुटतं ते चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्यावर. खंडोबाला कांदा चालतो, लसूण चालते, आमच्या कुलदैवताचं हे मला नेहमीच आवडत आलेलं आहे. जे देवघराबाहेर ठेवायचं, ते याच्या ताटात मानानं.

26 नोव्हेंबरला पहाटेच उठले. वांगी आदल्या दिवशी मंडईतून निवडून आणली होती, जड नाही, हलकी, देठ हिरवे. तेल लावून गॅसवर ठेवली. साल तडकत, काळी पडत, आतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, मग वांगं स्वतःच्याच वजनानं बसतं. तो जळका गोड वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण मडगावच्या शेजारीण दार उघडून बघायला आल्या. बाजरीचे रोडगे चुलीच्या निखाऱ्यावर कुठले, तव्यावर भाजून मग आचेवर फिरवले. भरतात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, कच्चं तेल. पात चिरताना माझा हात अडखळला. विळीवरचा तो करकर आवाज साडेचार महिने घरात नव्हता.

तळी भरायला पाच जण लागतात. आम्ही दोघं, शेजारचं जोडपं, आणि पाचवी लेक, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये. तिच्याकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं, केस विस्कटलेले, अंगावर शाल. ताम्हनात भंडारा, खोबरं, विड्याचं पान. येळकोट येळकोट म्हणताना तिचा आवाज अर्ध्या क्षणानं मागून येत होता, त्यामुळे गजर संपल्यावरही एक 'जय मल्हार' शिल्लक राहिला. नैवेद्य दाखवला. सगळ्यांना वाढलं. मग मी पाटावर बसले, टोपलीतला नवा लाल कांदा घेतला, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या हातानं पाटावर ठेवला आणि बुक्की मारली. पहिल्यांदा नुसता सरकला. दुसऱ्या बुक्कीला फुटला. मधला कोंभ काढला, मीठ लावलं.

"आई, कसा लागतोय?" फोनमधून आवाज आला. "सांग ना!"

डोळ्यांना धार लागली होती. हात वर करून तिला म्हटलं, थांब जरा.